माझ्या बायकोची जट

आमच्या न्हाणीघरात आता बाटल्यांची रांग असते. एक केस धुवायची, एक धुतल्यावर लावायची, आणि एक म्हणे लावून तशीच ठेवायची. नात एकदा बाटलीवरचं वाचून दाखवत होती, खराब झालेले केस मुळापासून दुरुस्त. मी म्हटलं, "सायकल आहे का वं ते, दुरुस्त करायले?" ती हसली. तिच्या आजीच्या डोक्याचं काय झालं होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. आजी जाऊन दोन पावसाळे झाले. सांगणारा आता मी एकटाच. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिणं येईल तसं.

बांगलादेशची लढाई होऊन एक-दोन सालं झाली असतील. आमचं लग्न नवीनच. गाव तेव्हा वैनगंगेच्या काठी, पवनीच्या बाजूला. आता ते धरणाच्या पाण्यात आहे. धानाचे रोवणे चालू असताना बायकोला मुदतीचा ताप आला. अख्खा पावसाळा ती खाटेवर. तापात डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि फणी लावायची नाही, असं माझ्या मायनं ठरवलं. मायच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढणारी फणी अजून बनायची होती.

ताप उतरला. बायको भिंत धरून चालायला लागली. तेव्हा मागचे केस एकमेकांत गुंतून गोवरीसारखे झालेले. तापानं गळलेले केस तिथंच अडकले, त्यात घाम, त्यात उशीचा कापूस. साधी गोष्ट आहे. पण साधी गोष्ट साधीच राहिली तर गावच्या बायकांनी दुपारी करायचं काय?

शेजारीण आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तिच्या अंगात दर पुनवेला मातामाय यायची आणि आली की पहिले चहा मागायची. तिनं वाकून बायकोचं डोकं पाहिलं आणि ओरडली, "माय वं! जट आली! मातामायनं घर धरलं तुमचं!"

माय घाबरली. "मंग आता काय करायचं?"

"काही नाही करायचं. फणी लावायची नाही, कैची लावायची नाही. लावली तर नवऱ्याचा जीव जाईन."

नवरा म्हणजे मी. मी तिथंच बसून दोर वळत होतो. मला कोणी काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून घर फिरलं. जी माय सुनेला "बसून खाते" म्हणायची, ती सकाळी उठून तिच्या पाया पडायला लागली. मंगळवारी बाया हळदकुंकू, नारळ घेऊन यायच्या. एकीनं विचारलं, म्हैस काहून आटली? बायको म्हणाली, "मले काय माहीत?" तर शेजारीण सगळ्यांना समजावून सांगते, "देवी अशीच बोलते. सरळ नाही सांगत."

जटवाल्या बाईनं नवऱ्याजवळ निजायचं नाही, संसार करायचा नाही, असंही निघालं. माझी खाट अंगणात गेली. लग्न करून आणलेली बायको माझ्याच घरात मला पाहुणी झाली, आणि वर मी तिच्यासमोर नारळ फोडायचा! मी मायला म्हटलं, "बैलाच्या शेपटीत गोखरू भरले तर आपण तेल लावून काढतो, का बैलाच्या पाया पडतो?"

"पोळ्याले पडतोच नं," माय म्हणाली.



साळा जवाहरनगरच्या कारखान्यात लागला होता. बहिणीची दशा ऐकून तो शाम्पूची बाटली घेऊन आला. क्वार्टरातल्या बाया हेच लावतात म्हणे. बाटलीवर एक बाई, केस कमरेच्या खाली. मी विचारलं, "हिले मुदतीचा ताप आला होता का?" साळ्याला राग आला. फणी नाही, कैची नाही, म्हणून मायनंही आडकाठी केली नाही. फेस एवढा झाला की बैलांच्या कोठ्यापर्यंत वाहत गेला. आणि जट? भिजल्या सुंभासारखी आणखी आवळली. साळा बाटली ठेवून परत गेला. त्या शाम्पूनं मायनं पाण्याचा पितळी गुंड घासून पाहिला. चांगला निघाला.

खरं सांगायचं तर बायकोलाही थोडं बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा सासू तिला ताट वाढून देत होती. "सोडवू का?" विचारलं की म्हणायची, "राहू द्या. तुमाले काही झालं तर?" त्यातलं माझ्यासाठी किती आणि ताटासाठी किती, हे मी विचारलं नाही.

एक दिवस मी कोठ्यामागं बैलांसाठी धानाचं तणस काढत होतो. ती आली, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अजी, देवीच्या डोक्यात उवा असतात का?"

"काहून?"

"खाजवून खाजवून जीव चालला. मान दुखते. माझाच वास येते मले."

"मंग सोडवतो. बस."

"पण कापायची नाही."

"नाही कापत. बस म्हटलं नं."

मोहाच्या बियांचं, टोरीचं, तेल घरात होतंच. कोमट करून जटेत मुरवलं. फणीचा पहिल्याच ओढीत दात तुटला. मग पोती शिवायचं दाभण घेतलं आणि त्याच्या बोथट टोकानं लागलो. मी आधी मुळाकडून उकलायला गेलो. तिनं असा हात मारला की दाभण शेणात.

"बैल समजून राहिले का मले?"

मग शेंड्याकडून सुरू केलं. वर मुठीत जट आवळून धरायची, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि खालून बट-बट मोकळी करायची. माय दुपारी झोपली की आम्ही दोघं कोठ्यामागं. स्वतःच्या बायकोच्या केसांना हात लावायला चोरी!

सुटले केस पुंजक्यानं हातात यायचे. ते पाहून ती रडायला लागली, आता टक्कलच पडते म्हणून. मी म्हटलं, "हे तापातच मेले होते, नुसते अटकून होते. जिते खाली आहेत. हात लावून पाह्य." तिनं बोटं घातली. खाली उंदराच्या पिलाच्या अंगावर असावी तशी कोवळी लव होती. रडणं थांबलं.

मानेजवळची सुपारीएवढी गाठ मात्र हटेना. तेल संपलं, दाभण वाकलं. मी म्हटलं, हे कापावं लागते. ती ताडकन उभी राहिली.

"मले रांडमुंड करता का?"

"ठेवली तर मंगळवारच्या बाया येतच राहतीन. तू देवी, मी पुजारी. मले देवी नाही पाहिजे वं. एक तर कोपऱ्यावरच्या देवळात आहेच."

ती हसली नाही. मग खाली बसली, मान पुढं केली. "तुमी मेले तर पाहा. कधी बोलणार नाही तुमच्यासंग."

माय बिड्या वळायची. तिचीच तेंदूपत्ता कापायची कैची घेतली आणि गाठ काढून उकिरड्यात टाकली.

मायनं ऊर बडवला. शेजारणीनं जाहीर केलं, हा दिवाळी पाहत नाही. त्या हंगामात मी खोकललो की अंगणातल्या बाया बोलायच्या थांबायच्या. मी धान कापलं, चुरलं, पोती वाहिली. दिवाळी झाली. शेजारीण म्हणाली, होळीपर्यंत पाहा. होळीला म्हणाली, देवी घाई नाही करत.

बायको रिठ्यानं डोकं धुवायची, रिठा नसला तर तळ्याच्या काळ्या मातीनं. आठवड्यात एकदा तेल. बाकी काही नाही. पुढच्या रोवण्याला नवे केस मानेपर्यंत आले होते, आणि माय परत "बसून खाते" म्हणायला लागली होती. बायको म्हणाली, "ताट गेलं माझं." पण माझी खाट आत आली.

सरकारनं गाव उठवलं, तरी शेजारणीचा प्लॉट माझ्याच बाजूला निघाला. नशीब लागतं त्यालाही. बायको साखरेच्या बिमारीनं गेली. तेरवीला शेजारीण आली, कमरेत वाकलेली, पानावर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तव्हा जट कापली होती यानं. देवी विसरत नाही."

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मावशी, तू तर नवऱ्याचा जीव जाईन म्हणे. नवरा हा उभा आहे. तुझ्या देवीले नवरा कोणता आणि बायको कोणती, हेही समजत नाही का?"

तिनं घास गिळला. "बस गा, जेव," म्हणाली.

मी जेवलो नाही. बाहेर येऊन बसलो. जट ठेवली असती तर आयुष्यभर एका बाईसमोर नारळ फोडत बसलो असतो. कापली, म्हणून बायको मिळाली, चुलीजवळून ओरडणारी. ती मेली. माणसं मरतात. आत शेजारीण परत वरण मागत होती.