आमच्या स्तवनातून ‘दे’ काढला तेव्हा

मंडळी, आज सकाळी सांगलीत आमच्या जैन मंदिरात आम्ही बारा बायकांनी मी लिहिलेलं स्तवन गायलं. ऊर अजून भरलेला आहे. पण कौतुक माझं नाही, आधी ऐका.

मी शेवटची ओळ लिहिली होती, ‘सुख दे, यश दे.’ तालमीत आमच्या मंडळाच्या आक्कांनी पेटी थांबवली. “अगं, ज्यानं सगळं सोडलं, त्याच्याकडं काय मागतीस? आपला देव देत न्हाई, वाट दावतो.” मग ओळ झाली, ‘तू सोडलंस तसं सोडायला शिकू.’ मी दोन दिवस फुगून बसले. चालीत ‘दे’ किती छान बसत होता!

आज शेजारच्या सुनीतावैनी ऐकायला आल्या होत्या. त्या माण तालुक्यातल्या, आमच्या धर्माच्या नाहीत. शेवटची ओळ आम्ही पेटी बंद करून, नुसत्या आवाजात तीनदा गायली.

बाहेर चपला घालताना त्या म्हणाल्या, “वैनी, तुमी एवढा जीव तोडून गायला, पण देवाकडं मागितलं कायच न्हाई की वो! मी देवळात गेले की यादीच वाचते. आज वाचावीशीच वाटली न्हाई. लय हलकं वाटलं बघा.”

कुणी प्रवचन दिलं नव्हतं. बारा गळ्यांनी सांगितलं आणि त्यांना पोचलं! आक्का, तुमचंच खरं.

खरं सांगते, यादी माझ्याकडंही होती, म्हणून तर ती ओळ सुचली. तुमच्या प्रार्थनेतून मागणं काढलं, तर गायला काय उरतं?