ओल्या खड्ड्याचा आकडा

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजात त्यांना सगळे मीटरबुवा म्हणत. यंत्रांच्या लोखंडी कपाटांना जोडलेली तार जमिनीत जिथे पुरतात, त्या अर्थिंगच्या खड्ड्यात विजेला किती अडथळा होतो ते मोजायचं आणि आकडा रजिस्टरात लिहायचा, हे त्यांचं काम. आकडा जितका कमी, तितका माणूस सुरक्षित. ताप आला तरी थर्मामीटर दोनदा लावून मगच आजारी पडणारा हा गृहस्थ. एकुलती एक मुलगी त्यांनी आमच्यातल्याच तंत्रज्ञाला दिली. "बुवा, सगळं खातंच घरचं झालं की!" असं आम्ही चिडवायचो, आणि ते खूश व्हायचे.

एक गोष्ट मात्र बुवाही चारचौघांसारखीच करत. उन्हाळ्यात माती वाळली की आकडा चढतो. मग वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी खड्ड्यात चार बादल्या मिठाचं पाणी ओतायचं आणि वर कोरडी माती पसरायची. दुसऱ्या दिवशी आकडा गुणी बाळासारखा खाली. सगळीकडे हीच रीत. त्यात खोटं काही आहे असं कुणाला वाटतच नसे. मलाही नाही, आणि बादल्या मीच वाहायचो.

त्या वर्षीही आकडा दोनच्या आत, म्हणजे नियमात, आला. महिन्याभरात खड्डा पुन्हा ठणठणीत कोरडा. एका कपाटात वायरचं आवरण घासून गेलं आणि उघडी तार पत्र्याला टेकली. जमीन ओली असती तर वीज खाली गेली असती, फ्यूज उडाला असता. उडाला नाही. भर दुपारी बुवांच्या जावयाने त्या कपाटाचं दार धरलं. आम्ही मेन स्विच पाडेपर्यंत तो गेला होता.

चौकशी लागली. मोजणीच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बादल्या टाक. आणि तोंड बंद." माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. लाज वाटते सांगायला, पण टाकल्या.

चौकशी अधिकाऱ्यांनी मोजलं. दोनच्या आत. "म्हणजे अर्थिंग ठीक आहे. मयताने हातमोजे घातले नव्हते," ते म्हणाले.

बुवा पुढे झाले. वरची माती उकरून त्यांनी मूठभर चिखल काढला. "साहेब, हे पाणी मुद्दाम ओतलंय. मागच्या महिन्यात तपासणीआधीही मीच ओतायला लावलं होतं. माझा आकडा खोटा आहे."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिथला नळ गळतो, साहेब," मी म्हणालो.

"सासरे आहेत ते. डोकं ठिकाणावर नाही सध्या," आमचे साहेब हळूच म्हणाले. अहवालावर सह्या झाल्या.

बुवांना घरी सोडायला मलाच पाठवलं. मुलगी दाराशीच बसली होती. बुवा तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं: पाणी, मीठ, आकडा, अहवालातला हातमोज्यांचा ठपका. मी उंबऱ्यात उभा होतो. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं.

तिने ओढणीने त्यांचे चिखलाचे हात पुसले.

"बाबा, त्यांच्यावरचा ठपका जावा म्हणून खोटं बोलताय ना? तुमचं मोजमाप कधी चुकलंय का? चुकलं त्यांचंच. हातमोज्यांचा कंटाळा करायचे, मला ठाऊक आहे."

बुवांनी जोराने नकारार्थी मान हलवली. ती माझ्याकडे वळली.

"काका, तुम्ही तरी समजावा बाबांना."

आणि मी समजावलं.