मामांनी राखलेली फुली

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तो बापूमामांमुळे. त्यांच्याच घरी राहून मी कॉलेज केलं. आज साखळीला ग्रीस लावताना त्या वासाने त्यांचं खेडचं गॅरेज आठवलं.

राजापूरला नोकरी लागल्यावर मी जुनी मोटारसायकल घेतली होती. तिचा वेग दाखवणारा मीटर बंद पडला म्हणून मुंबईहून दुसऱ्या बनावटीचा आणला, पण चाकाकडून येणारी गाडीची मूळ, कंपनीची केबल त्यात बसेना. मामा म्हणाले, "ठेव, जुळवून देतो."

गॅरेजवाले कंपनीचा माल काढून नकली बसवतात, असं मित्रांकडून ऐकलेलं. मी केबलवर खिळ्याने गुपचूप फुली ओरखडली आणि मामांच्या हातांवर नजर ठेवून बसलो. त्यांनी केबलचं कव्हर थोडं आखूड केलं, आतल्या तारेचं चौकोनी टोक कानशीने घासलं. चाक फिरवताच काटा हलला.

"ग्रॅज्युएट साहेब, तुमची फुली राखून कापलंय हो. बघून घ्या!"

मामा हसत होते, पण चहाला थांब म्हणाले नाहीत. मला हुशारी वाटलेली ती फुली आज आठवली तरी मान खाली जाते.

राजापूरला परतल्यावर मी पत्र टाकलं: "मामा, चुकलो. रविवारी गाडी सर्व्हिसिंगला आणतोय. ती तुमच्याकडे सोडून मी घरी मामीजवळ बसेन. काम झालं की हाक मारा."