दोन्ही पायांचं कबूतर

नेटा हॅडो माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. तिच्या घरात हिरवी म्हणून एक वस्तू नव्हती. पडदा नाही, टॉवेल नाही, साबणसुद्धा नाही. ख्रिसमसला चॉकलेटचा डबा आला की त्यातली हिरव्या कागदातली तेवढी वेचून ती वर माझ्याकडे आणून द्यायची. "घे गं ऊना, तुमच्यातली आहेत." मग मी माझ्या डब्यातली निळी तिला द्यायची. वाटाणे मात्र ती खायची. एकदा मी टोकलंच, तर म्हणाली, "त्यांना बिचाऱ्यांना कुणी विचारलं होतं का, कुठला रंग पाहिजे म्हणून?"

स्कॉटलंडमधल्या आमच्या ड्रमगेल गावातली खाण बंद पडली, पडद्यांची गिरणी बंद पडली, पण फुटबॉलचे दोन क्लब काही बंद पडले नाहीत. व्हिक्टोरिया निळा, तो प्रॉटेस्टंटांचा. हायबर्निया हिरवा, तो आम्हा कॅथलिकांचा. ग्लासगोतल्या मोठ्या क्लबांचं भांडण जगाला माहीत असतं, आमचं फक्त आमच्या गल्लीला. पण कमी होतं असं कुणी समजू नये. शाळाही दोन होत्या, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. नेटाचे वडील व्हिक्टोरियाच्या बँडमध्ये मोठा ढोल बडवायचे, आणि नेटा पाळण्यात असल्यापासून आमच्या पोपला शिव्या घालणारी गाणी ऐकत मोठी झाली. तिचं लग्न एकदा जमत आलं होतं. मुलगा चांगला होता, नोकरी होती, दात स्वतःचे होते. पण त्याच्या आईचं माहेरचं नाव ओफ्लॅहर्टी निघालं, म्हणजे आयरिश, म्हणजे कॅथलिक, आणि सगळं तिथंच मोडलं.

गिरणी बंद झाल्यावर ती घरीच शिवणकाम करायची. मापाला पक्की, जिभेला तिखट, उंचीला बेताची. सगळे हॅडो बुटकेच. तिचा धाकटा भाऊ आर्ची तर व्हिक्टोरियाच्या गर्दीत दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा.

हे कबुतराचं प्रकरण सुरू झालं ते हॅलोविनला. दोन्ही शाळांची पोरं पोखरलेल्या सलगमांचे कंदील घेऊन निघाली होती. भिंतीपाशी गाठ पडली. एकाने काहीतरी म्हटलं, दुसऱ्याने काहीतरी म्हटलं, आणि सलगमं हवेत उडायला लागली. मेणबत्त्या पेटलेल्याच होत्या. त्यातलं एक सलगम नगरसेवकाच्या गाडीची काच फोडून आत गेलं आणि मागच्या सीटवर जळत बसलं. नगरसेवकाने दोन्ही क्लबांना बोलावून सांगितलं, "तुमची मोठी माणसं मैदानावर जे गातात तेच ही पोरं शाळेत गातात. आता तुम्ही मिळून शाळांमध्ये जा आणि हे निस्तरा. नाहीतर मैदानं विसरा."

मग कमिटी बसली. तीन निळे, तीन हिरवे. अध्यक्ष कुणाला करायचं यावरून दोन बैठका गेल्या. शेवटी मिस्टर लर्मंथवर एकमत झालं. ते अंत्यविधीचं काम करायचे. दोन्हीकडची माणसं शेवटी त्यांच्याकडेच जायची आणि त्याबद्दल कुणाची कधी तक्रार आली नव्हती.

शाळेत न्यायला एखाद्या प्राण्याचा पोशाख घातलेलं माणूस हवं, मुलांना आवडेल असं, हे ठरलं. सिंह नको, तो निळ्यांच्या झेंड्यावर आहे. ससा नको, तो म्हणे फार आयरिश दिसतो. कोल्हा नारिंगी, म्हणजे प्रॉटेस्टंट मिरवणुकीचा रंग. खार सुचवली, तर तांबडी की करडी यावर खुर्च्या सरकल्या. शेवटी लर्मंथ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कबूतर घ्या. ते दोन्ही चर्चवर सारखंच बसतं." कबुतराला नाव ठेवायचं नाही हेही ठरलं, कारण आमच्याकडे नाव कळलं की माणूस कुठला ते कळतं.

कबुतराचा पोशाख शिवायला दिला नेटाला. करडा कपडा तिने भराभर कापला. पण कबुतराच्या मानेवर हिरवी-निळी झाक असते, आणि कमिटीने ती दोन्ही रंगांत समसमान मागितली होती. एके दिवशी दुपारी ती हिरव्या सॅटिनचा तुकडा चिमटीत धरून माझ्या दारात उभी. जणू मेलेला उंदीर.

"ऊना, हे तू शिव."

"का? हाताला काय झालं?"

"हाताला काही नाही. वडिलांचा फोटो समोरच आहे ना मशीनच्या."

"मग फोटो फिरव."

"वडिलांना पाठ दाखवायला लावू? बाई, तू शिवतेस की नाही?"

मी हिरवं शिवलं, तिने निळं शिवलं. मापाला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने सगळं स्वतःच्या अंगावर बेतलं. आणि इथंच घोळ झाला. कबूतर व्हायला कॉलेजातला एक उंचापुरा मुलगा ठरवला होता; त्याच्या गुडघ्यांच्या वर ते चढेचना. शाळेला दिवस देऊन झाला होता. कमिटीतले सगळे आडदांड. सगळ्यांनी हळूच नेटाकडे पाहिलं.

"मी? कॅथलिकांच्या शाळेत? पिसं लावून?" नेटा म्हणाली. "माझा बाप थडग्यातून उठून येईल."

"येणार नाहीत," लर्मंथ म्हणाले. "मी स्वतः पुरलंय त्यांना."

का कुणास ठाऊक, पण ती तयार झाली. मला म्हणाली, आत कोण आहे ते दिसत नाही म्हणून. मला वाटतं, गिरणी बंद झाल्यापासून तिला कुणी कुठे बोलावलंच नव्हतं.

पिसाऱ्यासकट ती कुठल्याच गाडीत मावेना. मग लर्मंथनी आपली शववाहिका काढली. कबूतर मागे आडवं, काचेतून चोच दिसतेय, अशी वरात हाय स्ट्रीटवरून निघाली. म्हाताऱ्या माणसांनी सवयीने टोप्या काढल्या. एकीने छातीवर क्रूस काढला आणि शेजारणीला विचारलं, "कोण गेलं गं?"

सेंट केविन या आमच्या कॅथलिकांच्या शाळेत आधी सगळं छान झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पिसं ओढली. कमिटीतल्या एका निळ्याने आणि एका हिरव्याने हातात हात घालून दाखवले. दोघांचेही चेहरे दाढ दुखत असल्यासारखे. मग मैदानात चेंडू ठेवला आणि कबुतराने किक मारली. उजव्या पायाने.

 पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली आणि बोट रोखून ओरडली, "हे प्रॉटेस्टंट कबूतर आहे!"

आमच्याकडे डाव्या पायाचा म्हणजे कॅथलिक, हे पोरांना बोलायला लागायच्या आधी कळतं. खरा पाय कुठलाही असो. अर्ध्या मिनिटात सगळी शाळा हुर्यो उडवायला लागली.

कमिटीने विचार करून दुसऱ्या शाळेत डाव्या पायाने मारायला सांगितलं, म्हणजे फिट्टंफाट. झालं उलटंच. तिथली पोरं भिंतीवर चढून पलीकडच्यांना ओरडून सांगायला लागली, "तुमचं कबूतर आलंय, घेऊन जा!" पलीकडून उत्तर आलं, "आमचं नाही, तुमचंच आहे ते!" गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कसायाच्या दुकानात मी स्वतः दोन शहाणी माणसं कबुतराच्या धर्मावरून हमरीतुमरीवर आलेली पाहिली.

पुन्हा बैठक. ठराव झाला: कबुतराने दोन्ही पायांनी एकदम किक मारावी. लर्मंथनी काळ्या कोटात उभं राहून ती करून दाखवली आणि टेबलाखाली गेले.

नेटाने मात्र ती मनावर घेतली. आमच्या मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड, ती उड्या मारायची आणि धप्पकन पाठीवर पडायची. पिसाऱ्यामुळे उठता यायचं नाही. मग हाक मारायची, "ऊना! उलटी कर मला!"

तो दोन पायांचा धपका पोरांना असा काही आवडला की विचारू नका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पोरं तशीच किक मारून चिखलात पडायला लागली. घरोघरी आया चड्ड्या धुऊन वैतागल्या. कमिटीने जाहीर केलं की प्रयोग यशस्वी झाला आहे, आणि मग, कुणीच सांगितलं नव्हतं तरी, व्हिक्टोरिया आणि हायबर्नियाच्या सामन्याला कबूतर मैदानात उतरवायचं ठरवलं.

मी त्या दिवशी हिरव्या बाजूला उभी होते. दोन्ही शाळांची पोरं मधल्या स्टँडमध्ये एकत्र बसवली होती. कबूतर मैदानाच्या मधोमध आलं आणि पंख हलवले. आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "मान निळी आहे रे त्याची!" समोरच्या बाजूने आवाज आला, "हिरवी आहे! दिसतेय इथून!" आणि मग जे सुरू झालं ते आजवर माझ्या कानावर आलेलं नव्हतं. एरवी दोन्ही बाजू एकमेकांना शिव्या द्यायच्या. आज दोन्ही मिळून त्या एका करड्या पाखराला द्यायला लागल्या.

सगळ्यांत वरचा आवाज आर्चीचा. आत बहीण आहे हे त्याला माहीत नव्हतं. कबुतराच्या आईबद्दल तो जे म्हणाला ते मी लिहिणार नाही. त्याच्या मागून सगळ्या निळ्यांनी ते जुनं गाणं धरलं, नेटाच्या वडिलांच्या ढोलावरचं. नेटाला त्याचा शब्दन्‌शब्द पाठ होता. नंतर ती मला म्हणाली, "मी ते हजार वेळा गायले असेन गं. पण समोर उभं राहून कधी ऐकलंच नव्हतं. आत फार गरम होतं, आणि मला वाटलं, हे मला म्हणतायत? मी काय केलंय यांचं?"

कबूतर वळलं आणि तरातरा निळ्या बाजूकडे चालायला लागलं. कठड्यापाशी जाऊन थांबलं, आणि चोचीतून आवाज आला.

"आर्ची हॅडो! पुन्हा बोल बघू आईबद्दल! तुझीसुद्धा तीच आई आहे, मेल्या!"

आर्चीच्या हातातला मटणाचा पॅटिस खाली पडला.

"नेटा?"

"तुझ्या विजारीची चेन कोण बसवतं? कुठला पोप येतो का बसवायला?"

निळ्या बाजूत खसखस पिकली. आमच्या बाजूचे तर पोट धरून हसत होते, आर्चीला चिडवत होते, पण ते फार वेळ टिकलं नाही. कबूतर आता आमच्याकडे येत होतं.

"आणि फादर काहिल! लपू नका, दिसताय मला! एवढा मोठा आवाज तुम्ही प्रवचनात काढता का कधी?"

फादर शेजारच्या बाईच्या छत्रीमागे गेले.

तेवढ्यात मधल्या स्टँडमधून पोरांनी सूर धरला, "दोन पाय! दोन पाय!" कुठली पोरं कुठल्या शाळेची, काही कळेना. नेटाने बिचारीने मन मोडलं नाही. चेंडूकडे धावली, उडी घेतली, दोन्ही पाय झाडले. चेंडू फारसा गेला नाही. नेटाचा उजवा गुडघा मात्र गेला.

सहाच्या सहा कमिटी सदस्यांनी तिला उचललं, आणि लर्मंथची गाडी बाहेर होतीच, म्हणून तिच्यातूनच दवाखान्यात नेलं. शववाहिका दारात येऊन थांबली आणि मागून कबूतर "हळू, हळू!" म्हणत उतरलं, तेव्हा तिथल्या नर्सने आधी स्वतःच खुर्ची घेतली.

सगळं गोड झालं असं काही नाही. व्हिक्टोरियाच्या समर्थक मंडळाने मानेवर हिरवं मिरवलं म्हणून नेटाला बाहेरगावच्या सामन्यांच्या बसमधून काढलं. तिला ते फार लागलं. चाळीस वर्षं ती खिडकीजवळ बसायची. पुढच्या सामन्यानंतर गाणी पुन्हा सुरू झाली, जरा हळू आवाजात. पोरं पुन्हा भांडायला लागली, पण आता कबुतराशेजारी कोण उभं राहणार यावरून.

आणि कबुतराला शाळांमधून बोलावणी येत होती. नेटाचा पाय प्लास्टरमध्ये. तो पोशाख अंगात जाईल असं गावात दुसरं माणूस एकच होतं.

आर्ची तिच्या घरी आला तेव्हा मी तिथंच होते. तो दारात टोपी चुरगाळत उभा राहिला.

"माफ कर म्हणायला आलोय."

"तोंडाने नको," नेटा म्हणाली. "हात वर कर. पंख चढवायचेत."

"ए, नाही हं! नेटा! मंडळातले काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते तुला पाठ आहे की."

तो गेला. सेंट केविनलाच गेला, शववाहिकेत आडवा होऊन, हात छातीवर ठेवून. परत आला तेव्हा घामाने निथळत होता. कबुतराचं मुंडकं काढून मांडीवर घेतलं आणि नेटाच्या स्वयंपाकघरात बसला.

"एक एवढीशी पोरगी होती," तो म्हणाला. "दात पडलेले. मला म्हणाली..." आणि ती काय म्हणाली ते त्याने सांगितलं. त्याच्याच गाण्यातल्या ओळीची उलटी बाजू होती, फक्त पोपच्या जागी राणी.

"एवढ्याशा पोरीला असलं कोण शिकवतं गं?"

नेटाने त्याच्यापुढे चहा सरकवला. मी माझ्या कपात बघत बसले, कारण ती पोरगी माझ्या भावाची नात असणार, याची मला जवळजवळ खात्री होती.

"उद्या दुसऱ्या शाळेत जायचंय," नेटा म्हणाली. "जाशील?"

आर्चीने पिसातली एक गवताची काडी काढली.

"जाईन. पण त्या लर्मंथला सांग, गाडी जरा जोरात चालव म्हणावं. लोक टोप्या काढतात, मला कसंतरी होतं."