पाचव्या खुर्चीवरचा दौलत

मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन आला तेव्हा मी राळेगावला घरी दाढी करत होतो. पांढरकवड्याहून मुनाफचा मोठा मुलगा बोलत होता. "सर, अब्बा गेले. आंघोळीले गेलते, तिथंच बसले." मी विचारलं, "कोण गेले?" ऐकू आलं होतं, तरी विचारलं. बसमध्ये समोरच्या बाईनं माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला तेव्हा कळलं, की एका गालावरचा फेस पुसायचाच राहिलाय. त्या दिवशी मी रडलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी या माणसाबद्दल वाईट बोलणार आहे. कबरस्तानात तीन मुठी माती मीही टाकली. आज पाच आठवडे झाले, आणि आज विचाराल तर ती माती परत मागावीशी वाटते.

मुनाफचं हैदराबाद रोडवर ट्रकचे कमानपाटे दुरुस्त करायचं दुकान होतं, घरही त्यालाच लागून. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या फटक्यात. मी तेव्हा पांढरकवड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. एका संध्याकाळी हा बुवा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक फडक्यात गुंडाळून माझ्या दारात उभा. कुण्या ट्रकवाल्यानं रद्दीच्या गठ्ठ्यासोबत त्याच्याकडे टाकलं होतं. वर चित्र काय, तर दोन पंखी विमान, त्याच्या दोरीला लटकलेला माणूस, आणि खाली नदीत मगरी. म्हणाला, "सर, हे कादंबरी नाई. खेळ हाय म्हणते. पण पट नाई, सोंगट्या नाई. वाचून सांगा ना काय भानगड हाय ते." मी वाचत गेलो, तो मराठीत वहीत उतरवत गेला. दोन महिने लागले. भानगड अशी होती, की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपला माणूस काय करतो ते आपण बोलायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. काळ पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचा, दुसरं व्हायच्या आधीचा. विमानं नवीनवी निघालेली, नकाशे अर्धे कोरे, प्रत्येक बंदरावर एक हेर आणि प्रत्येक डोंगरात एक पुरलेलं देऊळ.

ती कापसाची वाईट वर्षं होती. रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, वर्गातली मुलं मध्येच चार दिवस दिसायची नाहीत आणि परत यायची ती डोकं भादरून. मुनाफनं दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारी खेळ सुरू केला तेव्हा पहिला नियम त्याचा स्वतःचा होता, पुस्तकातला नव्हता. पेपर बाहेर ठेवून आत यायचं. मला म्हणाला होता, "सर, आपल्या इकडे पडल्या माणसाले उचलाले कोणी नाई. इथं तरी उचलू." आणि खरंच, त्या खोलीत माणूस विमानातून पडायचा आणि कडब्याच्या गंजीवर यायचा, दोस्त त्याला ओढून काढायचे, कपडे झटकून तो पुढच्या गाडीला लटकायचा. आम्ही चौघं खेळणारे, आणि मुनाफ सांगणारा. काय सांगायचा हो! कापसाच्या गाठी नेणाऱ्या छोट्या आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या, टिपेश्वरच्या जंगलात उतरलेला जर्मन हेर, तिथून थेट बसरा, झांजिबार. मुंबईच्या पुढं न गेलेला माणूस, पण झांजिबारच्या बाजारातल्या लवंगांचा वास असा सांगायचा की मी रुमाल नाकाशी न्यायचो.

माझ्या माणसाचं नाव सुभेदार दौलत. मेसोपोटेमियात लढून आलेला, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली, विमान चालवायला चोरून शिकलेला. मी शाळेत भित्रा, हेडमास्तरांपुढं चुळबुळणारा. दौलत मात्र कुणाच्या बापाला भ्यायचा नाही. सहा वर्षं दर रविवारी तीन तास मी दौलत होतो, आणि बायकोला शपथेवर सांगितलंय, की त्या सहा वर्षांत माझी डोकेदुखीची गोळी सुटली होती.

मुनाफचा दुसरा एक नियम होता, तोही त्याचाच. खेळणारा आला नाही तरी त्याची खुर्ची काढायची नाही. त्याचा माणूस गोष्टीत चालत राहणार, आणि त्याच्या वतीनं सांगणाराच बोलणार. पण खुर्चीच्या मालकानं जे केलं असतं तेच, स्वतःच्या मनाचं नाही. मला तो नियम पसंत नव्हता. पुस्तकात नव्हता ना! आणि पुस्तक मी वाचलेलं. मी त्यावर भांडलो. दहा बाजूंचा फासा मुनाफनं नायलॉनचा तुकडा लेथवर घासून केला होता, त्यात सात जास्त पडतात म्हणून शंभर वेळा टाकून मी त्याला कागदावर सिद्ध करून दाखवलं, त्यावरही भांडलो. मजेत चालायचं ते, असं मी समजत होतो.

मग माझी बदली राळेगावला झाली. मी म्हटलं, काही हरकत नाही, रविवारी बसनं येत जाईन. मुनाफ चहाच्या कपाकडे पाहत म्हणाला, "नाई सर. खेळ बंद केला. सारेच सुटून राह्यले, आता मजा नाई राह्यली." मला वाईट वाटलं, पण त्याच्यासाठी जास्त वाटलं. खेळ त्याचा जीव होता. म्हणून तो दर रविवारी राळेगावला येऊ लागला तेव्हा मला भरून आलं. आठ वर्षं! ऊन असो की पाऊस, मोटारसायकलवर, कधी बसनं. पोहे, चहा, इकडच्या तिकडच्या गप्पा. आणि उठायच्या आधी एक प्रश्न ठरलेला. "सर, समजा दौलत असता... अन् त्याच्यापुढं असं आलं असतं, तं काय केलं असतं त्यानं?" मग तो काहीतरी अडचण सांगायचा. एडनच्या बंदरावर कागद जप्त झालेत. वाटाड्या दगाबाज निघालाय. मी उठून फेऱ्या मारत दौलतच्या आवाजात उत्तर द्यायचो, बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "लागले का तुमच्या अंगात!" मला वाटायचं, दोन म्हातारे जुन्या दिवसांची आठवण काढताहेत. माझ्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला तास होता.

तिसऱ्या दिवशी जियारतला, दुआ मागायला, गेलो. माणसं उठल्यावर मी मागच्या खोलीत जरा बसावं म्हणून शिरलो, तर तिथं खाकी गणवेशातली एक तिशीची बाई टेबलावरचे कागद गोळा करत होती. कविता राठोड, पांढरकवडा डेपोत कंडक्टर, जवळच्याच एका तांड्यावरची. रडून डोळे सुजलेले. मी मुनाफचा दोस्त म्हटल्यावर ती मोकळी झाली. म्हणाली, "काका, आमी चौघं. दर शुक्रवारी दुकान बंद राहे ना, मंग खेळ. आठ वर्षं झाली. मले तं ड्युटी बदलून घ्यावी लागे, पण शुक्रवार नाई सोडला." मी म्हटलं, "कोणता खेळ?" तिनं सांगितलं. शुक्रवारी मी शाळेत असायचो... हिशोब बरोबर लावला होता त्यानं. मी खुर्च्या मोजल्या. सांगणाऱ्याच्या स्टुलाशिवाय पाच होत्या. विचारलं, "तुम्ही चौघं, मग ही पाचवी कोणाची?"

"ते दौलतची. सुभेदार दौलतची. त्याले खेळणारा माणूस वारला ना, आमी येण्याच्या आधीच. भाईनं पहिल्याच दिवशी सांगतलं, हे खुर्ची रिकामी राहीन, दौलत खेळात राहीन, मी बोलीन त्याच्याकून. पहिला चहा त्याच्यापुढं ठेवत होतो आमी."

वारला. मी! माझ्या पोह्यांवर लिंबू पिळून खाणाऱ्या माणसानं मला आठ वर्षं मेला म्हणून सांगून ठेवलं होतं. मी तिला विचारलं, कसा वारला हे कधी विचारलं नाही तुम्ही? ती माझ्याकडे असं पाहू लागली, की मी काहीतरी वेडगळ बोललो. "काका, त्या वर्षांमंदी कोणी गेला म्हटलं, तं कसा गेला असं कोणी पुसत होतं का?" खरंच. कोणी विचारत नव्हतं. मीही वर्गात कुणा पोराला कधी विचारलं नाही. मुनाफला खोटं रंगवावंसुद्धा लागलं नाही, एक शब्द टाकला आणि बाकीचं जिल्ह्यानं समजून घेतलं.

पण तिचं संपलं नव्हतं. "खुर्ची ठेवून काय कामाची निघाली म्हणा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम तापला. "दगा देल्ला त्यानं. मागच्या शुक्रवारी. जर्मन हवाई जहाज पेटलं, आमी चौघं जहाजाच्या मागच्या खोलीत, दाराले बाहेरून कडी. दौलत बाहेर. आमी ओरडून राह्यलो, दौलत, दार खोल! त्यानं हवाई छत्री पाठीले बांधली अन् मारली उडी. मी भाईले म्हटलं, दौलत असं करूच शकत नाई. भाईच्या डोळ्यात पाणी होतं काका. म्हणे, मी नाई ठरवत बेटा, तोच ठरवते. उरलेलं पुढच्या शुक्रवारी, म्हणे. अन् मंगळवारी हे असं..."

ती उडी माझी होती. त्याच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे नळाची खोदाई चालू होती, माणूस अर्ध्यात पळून गेला होता, मी करवादलेलो. आणि मुनाफनं नेमका तेव्हा विचारलं, जहाज पेटलंय, एकच छत्री, आत दोस्त अडकलेत. मी ओरडलो, "छत्री घेईल अन् उडी मारेल, दुसरं काय! मेल्यावर दोस्तीचं काय लोणचं घालायचं?" त्यानं विचारलं होतं, "दार खोलणार नाई?" मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "पक्कं?" मी म्हटलं, "अरे, पक्कं म्हणतो ना!" त्यानं कपातला चहा तसाच सोडला आणि गेला. ती आमची शेवटची भेट; पुढच्या रविवारी, आठ वर्षांत पहिल्यांदा, तो आलाच नाही.

दौलत मीच, हे कविताला सांगितलं नाही. सरळ आत मुनाफच्या बायकोकडे, भाभींकडे गेलो. दुखवट्याच्या घरी आवाज चढवू नये हे मला कळतं, पण चढला. भाभींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली. "भाईसाब, उनसे नहीं बोला गया. तुम्ही लई भांडत होते. हर बात पे किताब काढत होते. दोघं उठून गेले होते, तिसरा बी जाणार होता, तोबी गेलाच शेवटी, सारे नवे आणावे लागले. मी म्हटलं, सर को साफ बोल दो. तर म्हणाले, सरले बोललो तं सर मरून जाईन." मग म्हणाल्या, "फिर खुदच मारून टाकलं."

भांडखोर असेन मी. आहेच. पण तोंडावर सांगायचं ना! एकदा म्हणायचं, सर, तुमचा त्रास होतो, गप बसा. मी चिडलो असतो, महिनाभर बोललो नसतो, मग आलो असतो आणि गप बसलो असतो. त्याऐवजी मला बाहेर काढलं आणि माझा दौलत ठेवून घेतला. आठ वर्षं दर रविवारी येऊन माझ्या तोंडून शब्द काढून नेले आणि दर शुक्रवारी ते परक्यांपुढं ठेवले. कोणी म्हणेल, हे प्रेमच झालं. म्हणोत. माझे विद्यार्थी म्हणाले, बायको म्हणाली. मला मात्र माझ्याच घरात कोणी माझे वाळत घातलेले कपडे घालून फिरतंय तसं वाटतं. प्रेम असतं तर त्यानं निदान एवढं सांगितलं असतं, की सर, सांभाळून बोला, खरंच माणसं आहेत आत.

चार आठवडे मी धुमसत काढले. गेल्या शुक्रवारी मात्र पांढरकवड्याच्या बसमध्ये बसलो. भाभींनी त्या चौघांना एकदा यायला सांगितलं होतं. खोली आता मुलगा टायरांसाठी घेणार आहे. मी गेलो तेव्हा ते चौघं बसले होते आणि सवयीनं पाचव्या खुर्चीपुढं चहा ठेवलेला होता. कोणी तो उचलला नव्हता, आणि कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. मी त्या खुर्चीत बसलो. एक जण म्हणाला, "काका, तिथं नाई बसत कोणी." मी चहाचा घोट घेतला. पार गोड, मुनाफच्या घरचा. म्हटलं, "मी वारलो नाही. दौलत माझा आहे." आणि मग सगळं सांगितलं, बदली, रविवार, प्रश्न, नळाची खोदाई. एकानं हात लावून पाहावं तसं माझ्या बाहीला बोट लावलं.

कविता उभी राहिली. तिकिटाचं मशीन अजून गळ्यात होतं. मला वाटलं, ती विचारेल की भाई असं का वागले. ते मला पाठ होतं, त्याचं मी चार आठवडे उत्तर घोटलं होतं. तिनं ते विचारलंच नाही.

"तुमी होते तं मंग दार काहून नाई खोललं?" ती म्हणाली. "आमी अजून आतच आहो."

मी पुस्तकातला प्रत्येक नियम वाचलेला माणूस. तिच्याकडे पाहवेना. म्हटलं, "मले माहीतच नव्हतं बाई, की आत कोणी हाय."