हेराच्या मागावर बाबांच्या चपला

लग्नसराई संपली की आमच्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटायची. बाबा वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आणि भर पावसाळ्यात कोण लग्न करतं? त्याच ट्रम्पेटच्या जोरावर मी घरातला पहिला पदवीधर झालो.

काही महिन्यांपूर्वी त्यांना स्टुडिओत नेलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका हेरावरची टीव्ही मालिका, पार्श्वसंगीत माझं. आवाज त्या काळचाच हवा होता. कॉम्प्युटरमधला ट्रम्पेट दिग्दर्शकाने दोनदा परत पाठवला होता, "फार नवा वाटतो" म्हणून. तिसऱ्यांदा नापसंत झाला असता, तर काम माझ्या हातून गेलं असतं.

बाबा माइकसमोर उभे राहिले आणि सूर घुसमटला.

"अरे, जन्मभर चालत वाजवलंय. उभ्याने दम लागतो मला."

"मग चाला की काका," ध्वनिमुद्रक म्हणाला, "फक्त चपला काढा."

"अनवाणी वरात निघते होय रे?"

बाबा माइकभोवती चालू लागले. सूर एकदम मोकळा झाला आणि त्याच्याखाली चपलांची चटचट. मला वाटलं, जुना काळ वाद्यात नसतोच, तो वाजवणाऱ्याच्या पायांत असतो. किती गावांचे रस्ते, किती ऊन मुरलं होतं त्या सुरात!

दिग्दर्शकाने ऐकलं. "चपला राहू द्या. हेराच्या मागावर कुणीतरी आहे असं वाटतं."

आता मालिका सुरू होताना पडद्यावर संगीतकार म्हणून माझं नाव येतं, आणि त्याखाली ट्रम्पेटवादक म्हणून बाबांचं.