आमच्या साडूचा एंटर

आळस करता यावा म्हणून इतका राबराब राबणारा मनुष्य आमच्या साडूखेरीज अख्ख्या छत्तीसगढात दुसरा नसेल. जे काम दहा मिनिटांत हातानं होतं, ते पुन्हा कधी हातानं करावं लागू नये म्हणून हा गृहस्थ तीन-तीन महिने डोळे फोडतो, आणि मग ते आपोआप होत असताना बाजूला पाय पसरून चहा पितो. तो आमच्या मेहुणीचा नवरा, म्हणजे सासरचा धाकटा जावई. नोकरी रायपूरबाहेर उरल्याच्या धुरकट कारखानपट्ट्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये, बिऱ्हाड जवळच बीरगांवात; त्यामुळे त्याचा पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा राहिलेला कुणी पाहिलेला नाही. माणूस मोठा गोड. मी त्याच्यावर जळतो ते वेगळं.

प्रश्न विचारला जाण्याची वाट पाहणं त्याला सोसतच नाही. मुलगी पाहायला आला तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यानं पगार, गोत्र, आजोळ, चष्म्याचा नंबर आणि लहानपणी काढलेले टॉन्सिल, सगळं एका दमात सांगून टाकलं. सासऱ्यांनी रात्रभर जागून तयार केलेले प्रश्न तसेच राहिले. "पोट्टा साफ आहे मनाचा," असं म्हणून त्यांनी होकार दिला. माझ्या वेळी ह्याच सासऱ्यांनी मला दोन तास बसवून इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावला होता! एकदा मी त्याच्याबरोबर गोल बाजारात कुकर घ्यायला गेलो. दुकानदार तोंड उघडतो न उघडतो तोच हा म्हणाला, "पाँच लीटर, ढक्कन अंदरवाला, नाम हमारी मिसेस का, थैला है, चाय नहीं." दुकानदार म्हणाला, "भैया, पहले बैठो तो सही." आणि एवढ्यावर त्यानं भाव उतरवला. मी तासभर घासाघीस करतो तेव्हा मला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

पण माझं खरं दुखणं कॉम्प्युटरचं. राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमच्या खात्यात खोक्यांमागून खोकी येऊन पडली. ती उघडायचं धाडस मी केलं, आणि बघता बघता तज्ज्ञ झालो. तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी सासऱ्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो चालता करायला सन्मानानं मलाच बोलावणं आलं. काय तो थाट होता! इन्स्टॉल करताना कॉम्प्युटर सतरा गोष्टी विचारायचा: भाषा कोणती, वेळ कुठली, डिस्कचे भाग किती. प्रत्येक प्रश्नाला मी चष्मा काढायचो, उसासा टाकायचो आणि म्हणायचो, "इथे जरा विचार करावा लागेल." सगळं घर श्वास रोखून उभं असायचं. सासूबाई पोह्यांची दुसरी बशी आणायच्या. थोरल्या जावयाला आयुष्यात आणखी काय हवं असतं?

आणि मग हा आला. जगाच्या कानाकोपऱ्यातल्या काही हौशी लोकांनी फावल्या वेळात एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती. कुणी विकत नव्हतं, कुणी वापरतही नव्हतं, पण जुन्या डब्यावरही ती भुर्रकन पळायची, आणि आमचा साडू तिच्या प्रेमात पडला होता. तिच्यासाठी त्यानं एक स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे कॉम्प्युटर जे जे विचारणार, त्याची उत्तरं आधीच लिहून ठेवायची; मग माणसानं समोर बसायची गरजच नाही. सासऱ्यांचा डबा मंदावला होता. ह्यानं सीडी घातली, एंटर दाबला आणि मागच्या दाराची बिजागरी करकरते म्हणून तिला तेल घालायला निघून गेला. पहिल्या बशीतले पोहे संपायच्या आत सगळं तयार! "अगंबाई, झालं बी?" सासूबाई म्हणाल्या. त्या 'झालं बी'नं माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर त्यानं असंही करून ठेवलं की त्या हौशी लोकांनी नवी आवृत्ती काढली की ती आपोआप उतरून बसावी. म्हणजे मला पुढची बोलावणीही बंद. मीही मग तात्यापाऱ्यात जायचं सोडलं. बायको विचारायची, "अहो, काहून नाही येत?" मी म्हणायचो, ऑफिसात काम आहे. ती समजायची.

एका रविवारी सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, ते थांबून राहिलं. 'पुढे जायचे काय?' असं विचारून राहिलं. धाकट्याले फोन केला त तो म्हणाला, हे आपल्या आवाक्यातलं नाही, भाऊंनाच बोलवा." मी स्कूटरला किक मारली तेव्हा मला नाचावंसं वाटत होतं. फसली! स्क्रिप्ट फसली! मी गेलो, चष्मा काढला, उसासा टाकला, दुसरी बशी येऊ दिली आणि एंटर दाबला. काम सुरळीत पुढे सरकलं. त्यानंतर दर नव्या आवृत्तीला ते अडायचं आणि दरवेळी मी जायचो. साडू भेटला की मी उदारपणे म्हणायचो, "होतं हो असं. हाताच्या कामाची सर त्याला नाही." तो मान डोलवायचा, "हव भाऊ, खरं आहे."

पुढे एकदा सहज बीरगांवात त्याच्याकडे गेलो, तर त्याच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती उतरत होती. मी टक लावून बसलो. ती कुठेही थांबली नाही. "तुमच्याकडे अडत नाही?" मी विचारलं. मेहुणीला हसू आवरेना. "भाऊजी, तात्यापाऱ्यातलं ह्यांनी मुद्दाम अडवून ठेवलं आहे." साडू कावराबावरा झाला. "काय करता भाऊ, तुम्ही तिकडे येणं सोडलं. आई रविवारी पोहे भिजवून वाट पाहून राहिल्या होत्या." आता सांगा, अशा माणसावर माणूस धड रागावणार तरी कसा? मला मोठेपणाही त्याच्याच हातचा मिळत होता, ह्याची आग झालीच. सावरून म्हणालो, "मग स्वतःकडे काहून नाही ठेवलं तसं?" तो चहा ढवळत म्हणाला, "माह्याकडे थांबलं त येणार कोण?"

आता सासू-सासरे नाहीत. तात्यापाऱ्यातल्या घराला कुलूप आहे. ते घर बंद झालं तेव्हा मी साडूला म्हटलं, ती तुमची सिस्टीम माझ्याकडे टाका, आणि मध्ये एक थांबा ठेवा. त्यानं काही विचारलं नाही. थांबलं की मी फोन करायचो, तो उरल्याची धूळ अंगावर घेऊन यायचा, चष्मा काढायचा, उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "इथं जरा विचार करा लागन." उसासासुद्धा माझ्यापेक्षा चांगला टाकतो लेकाचा.

पण ते हौशी लोकही आता थकले असावेत. बऱ्याच दिवसांत नवीन आवृत्ती नाही. परवा राहवेना म्हणून मी फोन लावला. "थांबलंय हो."

"काहून थांबन, भाऊ?" तो म्हणाला. "नवीन त काही आलंच नाही."

मी फोनवरच उसासा टाकला. मग तोच म्हणाला, "येतो. पोहे भिजवाले सांगा."